ॲक्रिलिकला पाडलेली पाच भोकं

रघ्या, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं आणि मी माती खाल्ली. तुझ्या लेकीनं, सुजातानं माईकवरून नाव पुकारलं, “आता अण्णांचे जिवलग मित्र संपतकाका दोन शब्द बोलतील.” मी उठलो, माईक धरला, तुझ्या फोटोकडं बघितलं. फौजेत परेड ग्राउंडच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढणारा मी, माझ्या तोंडातून नुसती हवा आली. खाली बसलो तर शेजारचा एक पाहुणा म्हणाला, “राहू द्या, भावना पोचल्या.” कसल्या डोंबलाच्या भावना? मला भावना सांगायच्याच नव्हत्या. मला ड्रिलच्या बिटाची गोष्ट सांगायची होती.

बाकीच्यांनी तुझा जन्म, शिक्षण, समाजकार्य सगळं रीतसर सांगितलं. तू कसा शांत, संयमी, मितभाषी होतास तेही सांगितलं. तू तिथं असतास तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतंस, “संपा, ह्यो कोण मेलाय रं?” मितभाषी म्हणे. तुझं तोंड बंद असलेलं मी दोनच वेळा बघितलं, एकदा तोंडात खिळे धरले होतेस तेव्हा आणि एकदा परवा, फोटोत. हे लिहिताना हसू येतंय आणि मधेच चष्मा पुसावा लागतोय, तर अक्षर वाकडं आलं तर समजून घे. आणि लिहायचं म्हणून जरा शाळेतली भाषा वापरतोय, त्यावर दात काढू नकोस.

उंब्रजला हायवेच्या कडेला आपले दोन गाळे एकाला एक लागून. मी फौजेच्या वर्कशॉपातून पेन्शन घेऊन आलो, ऊस भावाच्या हवाली केला आणि वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं. तुझं त्याच्या आधीपासून रेडिओ-टीव्ही रिपेअरिंग. मधल्या भिंतीतल्या दोन विटा तू मला न विचारता काढल्यास, कारण तुला सारखी माझी पक्कड लागायची आणि वळसा घालून यायचा कंटाळा. त्या भगदाडातून पक्कड गेली, चहा आला, आणि दिवसभर तुझी बडबड आली. लग्नकार्यात आपल्या दोन्ही घरची माणसं एकमेकांकडं जेवायला बसायला थोडी वर्षं लागली, पण त्या भिंतीतून मात्र पहिल्या आठवड्यापासून एकाच कपातला चहा दोघं पीत होतो.

त्या वर्षी, नव्वदच्या दशकाच्या मधेच कधीतरी, सुजाता सातवीत होती. तालुक्याला कुठल्याशा शाळेत प्रश्नमंजुषा होती आणि तू तिला घेऊन गेलास. सर प्रश्न विचारायचे, पोरं हात वर करायची, सर ज्याला बोट दाखवतील त्यानं उत्तर द्यायचं. सुजाता मागच्या बाकावर. कार्यक्रम संपेपर्यंत तिचा हात वर होता आणि सरांचं बोट एकदाही तिच्याकडं वळलं नाही. एसटीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “अण्णा, मला सगळी येत हुती. मला कुणी विचारलंच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी त्या भगदाडातून टेस्टरही आला नाही आणि बडबडही नाही. मीच डोकं घालून विचारलं, तेव्हा तू सांगितलंस. मी आपला समजूत काढायला म्हणालो, “आरं, सरांचा चष्मा जाड आसंल. मागचं दिसलं नसंल.” तू सोल्डरिंग खाली ठेवलंस आणि म्हणालास, “म्होरच्या बाकावरलं बरूबर दिसत हुतं त्याला.” त्यावरनं आपली जी जुंपली ती जुंपलीच. मी म्हणायचो, मुद्दाम केलं नसेल. तू म्हणायचास, मुद्दाम केलं नाही हेच तर वाईट, त्याला ध्यानातच आलं नाही की तिथं पोरगी बसलीय. हा वाद आपण पुढं कितीतरी वर्षं घातला, पार तू दवाखान्यात होतास तेव्हाही. शेवटच्या खेपेला तू म्हणालास, “बरा हून आलो की बोलू.” आता तुझं अर्धं माझ्याकडं पडून आहे. एकट्यानं कसं भांडायचं ते सांगून जायचं होतंस.

पण तू नुसता चरफडत बसणारा गडी नव्हतास. आठवड्याच्या आत तुझा बेत ठरला. येत्या चौदा एप्रिलच्या जयंतीला आपणच प्रश्नमंजुषा घ्यायची, सगळ्या गावातल्या पोरांची, आणि हात वर करायची भानगडच ठेवायची नाही. पाच बाकं, पाच गट. प्रत्येक बाकावर एक डबी, डबीवर एक बटण. जो आधी दाबेल त्याच्या बाकाचा दिवा समोरच्या फळीवर लागणार आणि बाकीच्यांची बटणं आपोआप बंद. मग कुणाचा चष्मा जाड असो नाहीतर पातळ. वायरिंग तू करणार, डब्या मी. कराडात एक व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं होतं, तिथून तू मशिनीची बटणं उचलून आणलीस, चांगली मोठी, लाल-पिवळी, पोरांनी बुक्क्या मारून मारून गुळगुळीत केलेली.

मी म्हणालो, “प्लायवूडच्या डब्या करू. तास-दोन तासांचं काम.”

“न्हाई. ॲक्रिलिक. काचंगत पारदर्शक.”

“कशाला लाड?”

“माझी पोरगी हाय स्पर्धेत. मशीन मी केलेली. हिनं एक जरी बटण आधी दाबलं तर लोक काय म्हणतील? बापानं आत काय तरी जास्तीचं घातलंय. आतली वायर न् वायर दिसली पायजे सगळ्यास्नी.”

म्हणून आपण सांगलीला गेलो, बोर्ड रंगवणाऱ्याकडून ॲक्रिलिकची शीट घेतली. येताना एसटीला मरणाची गर्दी. तू एक सीट पटकावलीस, मला वाटलं आता बसशील, तर त्या सीटवर चादरीत गुंडाळलेली शीट उभी केलीस आणि स्वतः दांडा धरून उभा राहिलास. कंडक्टर म्हणाला, “आवं, ही काय पेशंट हाय का?” तू शांतपणे म्हणालास, “व्हय, नाजूक हाय, धक्का लागू देऊ नगा.” आणि तो बिचारा कराडपर्यंत येता-जाता लोकांना सांगत होता, तिकडं टेकू नका म्हणून. मीही उभाच. मित्र दांड्याला आणि शीट सीटवर, हे परवा माईकवर सांगायचं होतं मला.

आता खरी गंमत इथून सुरू होते. मी फौजी माणूस. आमच्या उस्तादानं शिकवलेलं, बिटाला धार आणि बुटाला पॉलिश, ह्यात कसूर नाही. मी ड्रिलचा नवाकोरा बिट काढला, ग्राइंडरवर अशी धार लावली की नखावर टेकवला तर नख सोलून निघेल. ॲक्रिलिकचा पहिला तुकडा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरला, मशीन सुरू केलं. बिट आत घुसला तो स्क्रू घुसावा तसा, ओढतच गेला, आणि पलीकडून बाहेर पडताना कट्ट. भोकापासून काठापर्यंत सरळ तडा. तू भगदाडातून बघत होतास. नुसता चहाचा कप पुढं केलास. ते बोलण्यापेक्षा वाईट.

मी म्हणालो, धार कमी पडली. परत धार लावली. परत तडा. मग म्हणालो, स्पीड कमी पडला. मशीन फुल्ल सोडलं, तर ॲक्रिलिक वितळून बिटाला गुंडाळलं, दुकानात घाण वास, आणि बिट सोडवायला मला पोपटपान्यानं झटापट करावी लागली. मग तुझी अक्कल चालली. तू लोखंडी पाइपचा तुकडा गॅसवर तापवलास आणि शीटवर दाबलास. भोक पडलं खरं, पण त्याच्या कडेला सगळीकडं फुगवटा आला, भाकरीच्या करपलेल्या काठागत. बटण त्यात बसेना, आणि बसलं तर एका बाजूनं लटकायचं. मी म्हणालो, “वा. जयंतीला हेच ठिवा. पोरं बटण दाबायच्या आधी हसून मरतील.” तू म्हणालास, “तुझ्या भोकापेक्षा गोल हाय.” ते मात्र खरं होतं.

तुकडे संपत चालले होते. डब्यांच्या बाजू कापून झाल्या होत्या, मोजून पाहिलं तर भोकं पाडायची पाच झाकणं होतील आणि वर थोडंच उरेल, एवढंच ॲक्रिलिक शिल्लक. तू परत सांगलीला जायला तयार होतास, पण जयंती तोंडावर आलेली. तुझ्या घरनं कमलवैनी दुपारचा डबा घेऊन आल्या, तुकड्यांचा ढीग बघितला आणि म्हणाल्या, “भावजी, ही काचेची भाजी कुणी चिरली?” तुला एवढं हसू आलं की ठसका लागला. मी चिडलो होतो, पण तो डबा वांग्याचा होता, त्यामुळं जास्त वेळ चिडून राहता आलं नाही.

जेवण झाल्यावर तू माझा तो धारेचा बिट उचललास. मला डिवचायचं म्हणून, दुसरं काही नाही. माझ्या समोर तो धार लावायच्या दगडावर उभा धरलास आणि त्याच्या टोकाच्या दोन्ही कापणाऱ्या कडांची धार घासून घासून सपाट केलीस. मी ओरडलो, “आरं काय करतुयास?” तू म्हणालास, “पेन्शनीवर काढला त्याला. लय नोकरी झाली.” आणि माझ्याआधीच व्हाइसजवळ जाऊन उरलेल्यातला एक बारका तुकडा धरलास, खाली लाकडाची फळी ठेवलीस आणि मशीन हळू सोडलंस.

रघ्या, तो बिट आत घुसला नाही. तो खरवडत गेला. बारीक बारीक पांढरा कीस वर येत राहिला, आणि पलीकडून बाहेर पडताना आवाजसुद्धा झाला नाही. भोक स्वच्छ, काठ गुळगुळीत. तुझा स्वतःचाच विश्वास बसेना. आणि मला इतका राग आला म्हणून सांगू, कारण फौजेत पितळेला भोक पाडताना आम्ही बिटाची धार अशीच मोडायचो, नाहीतर पितळ ओढून घेतं. हे मला माहीत होतं. ॲक्रिलिकच्या वेळी ते डोक्यात आलंच नाही. हे मी बोलून गेलो आणि तुला जन्माचं हत्यार मिळालं. “माहीत हुतं, पण सांगितलं न्हाई,” असं तू पुढं सगळ्या गावाला सांगत सुटलास.

पण आता तू ऐकून घे, कारण आता तुला मधे बोलता येणार नाही. तुझ्या पेन्शनीतल्या बिटानं पडलं ते बारीक भोक. गेमच्या बटणाला हवं होतं रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं. तेवढा मोठा बिट माझ्याकडं नव्हता, आणि असता तरी मी लावला नसता. लाकडाला भोकं पाडायचा चपटा बिट होता, तो तू लावू म्हणत होतास. मी म्हणालो, त्याच्या कडेची टोकं ॲक्रिलिकला पकडून उडवतील. मी काढला होल सॉ, वाटीच्या आकाराचा, काठाला करवतीचे दात. शीटवर चिकटून येतो तो कागद काढला नाही. झाकण दोन प्लायवूडच्या मधे घट्ट आवळलं. मधलं भोक तुझ्या बिटानं पाडलं, ते मान्य. मग साबणाचं पाणी शिंपडत होल सॉ एकदम हळू चालवला, अर्ध्यापर्यंतच. मग सगळं सोडवून शीट उलटी केली आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं कापलं. दोन्ही बाजू मधे भेटल्या आणि ॲक्रिलिकची चकती अलगद हातात आली. तडा नाही, कपचा नाही. बटण घातलं, खालून नट फिरवला, बसलं.

तर ही शीट उलटी करायची अक्कल कुणाची? माझी. तू म्हणायचास, बिट महत्त्वाचा, उलटं तर कुणीही करील. मी म्हणायचो, तुझ्या बिटानं बटण कुठं बसलं असतं? बारक्या भोकात अगरबत्ती लावली असतीस. ह्यावरनं आपण इतकी वर्षं भांडलो की शेवटी कमलवैनी म्हणायच्या, दोघं मिळून एक भोक पाडलंय आणि दोघांना ते एकट्याचं पायजे. तुझ्या त्या चपट्या बिटाचाही निकाल लागायचा राहिला. खरं सांगायचं तर त्याची टोकं घासली असती तर त्यानंही चाललं असतं असं मला आता वाटतं, पण हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नसतं आणि तू परत आलास तर नाकारीन.

पाचही झाकणं झाली. शेवटचं करताना तू मशीनवर होतास आणि मी शीट धरली होती, आणि तुझ्या हनुवटीवरून घाम टपकत होता. मी म्हणालो, “आरं, चार चांगली झाली, हे बी हुईल.” तू म्हणालास, “हे तिच्याच बाकावर जाईल आसं न्हाई. चिठ्ठी टाकून वाटायच्या डब्या. पण कुठलंबी गेलं तरी फुटायला नगं.” मला तेव्हा कळलं की तुला नुसती डबी नको होती. एखाद्या पोरानं बुक्की मारली आणि झाकण तडकलं, बटण आत गेलं, तर लोकांनी हेच म्हटलं असतं, बघा, ह्यांच्या मशिनीचं काय खरं न्हाई. आणि मग परत हात वर करा आणि परत कुणाचं तरी बोट. ते तुला सोसलं नसतं.

जयंतीच्या दिवशी विहाराच्या समोरच्या पटांगणात मांडव. आपल्याला धाकधूक होती की वरच्या आळीतली पोरं येतात की नाही. मी माझ्या दोन्ही पुतण्यांना कान धरून आणलं, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे दोस्त आले, कारण गेमची बटणं आहेत हे कुणीतरी फोडलं होतं. पाच बाकं भरली. डब्या चिठ्ठी टाकून वाटल्या. प्रश्न विचारायला एक रिटायर गुरुजी, त्यांना तू आधीच सांगून ठेवलेलं, “गुरुजी, तुमी पोरांकडं बघायचंच न्हाई. दिव्याकडं बघा.” लोक पुढं येऊन डब्यांत वाकून बघत होते. एक म्हातारा तर वायरवर बोट ठेवून डबीपासून दिव्यापर्यंत चालत गेला, कुठं काही लपवलंय का बघायला. तू त्याच्यासाठी वाट करून दिलीस आणि मला डोळा मारलास.

पोरांनी काय बुक्क्या मारल्या रं त्या दिवशी. मी दिवे बघतच नव्हतो. मी झाकणांकडं बघत होतो. तू मांडवाच्या खांबाला टेकून उभा, हाताची घडी घालून, आणि तुझा डावा पाय सारखा हलत होता. सुजाताच्या गटाचा दिवा बराच वेळ लागलाच नाही. दोनदा तिचा हात बटणाच्या वर गेला आणि दुसऱ्याचा दिवा आधी लागला. तुझ्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण ते चिकटवल्यासारखं दिसायला लागलं होतं. मी मनात म्हणालो, पोरी, एकदा दाब.

मग गुरुजींनी विचारलं, “महाराष्ट्रातली सगळ्यात लांब नदी कोणती?”

प्रश्न पुरा होतोय न होतोय तोच सुजातानं दोन्ही हातांनी अशी बुक्की मारली की डबी बाकावर उडाली. माझी नजर आधी झाकणावर गेली. काठ तसाच, स्वच्छ. मग दिव्याकडं बघितलं. तिचा दिवा लागला होता. एकटा तिचाच. मांडवातली सगळी माणसं, वरच्या आळीची, खालच्या आळीची, तो वायर तपासणारा म्हातारा, सगळी मान वळवून सातवीतल्या त्या पोरीकडं बघत होती. गुरुजी म्हणाले, “हां, सुजाता, सांग बाळ.”

ती उभी राहिली, वेणी मागं टाकली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “कृष्णा!”

मांडव हसला. गुरुजी पण हसले, म्हणाले, “आपली कृष्णा आपल्याला प्यारी, पण उत्तर गोदावरी.” सुजाता जीभ चावून खाली बसली. मला इतकं वाईट वाटलं. एवढी खटपट, एवढे तुकडे, एवढी भांडणं, आणि पोरीचं पहिलंच उत्तर वाया गेलं. मी तुझ्याकडं वळलो, तर तू खांब सोडून पुढं आला होतास आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होतास, एकटाच, आणि तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी तुझ्या कानाशी म्हणालो, “रघ्या, चुकली रं पोरगी.”

तू टाळ्या थांबवल्या नाहीस. म्हणालास, “चुकू दे की गड्या. विचारलं तर खरं तिला.”